पेशीचा तट आणि त्याचे दरवाजे

धार जिल्ह्यातील मांडूचा किल्ला आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्याचा तट मैलोगणती पसरलेला आहे. पण तट म्हणजे नुसती भिंत नव्हे. दिल्ली दरवाजा, तारापूर दरवाजा अशा वेशींतून माणसांची व मालाची ये-जा होत असे. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीलाही असाच तट असतो. त्यास पेशीपटल म्हणतात. स्निग्ध द्रव्याच्या दोन थरांचे हे पटल इतके पातळ असते की, अशी लाखभर पटले एकावर एक रचली तरी त्यांची जाडी एक मिलिमीटरच्या आतच राहील.

या पटलातून पाणी कसे जाते हे समजण्यास आपले स्वयंपाकघर पुरेसे आहे. रात्री पाण्यात घातलेल्या मनुका सकाळी टम्म फुगतात. त्याच मनुका साखरेच्या दाट पाकात टाकल्या की पुन्हा आक्रसतात. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटते, तेही याच कारणाने. विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पाणी पटलातून आपण होऊन जाते. यास परासरण म्हणतात. त्यासाठी पेशीस शक्ती खर्चावी लागत नाही. पटलात पाण्यासाठी खास वाटाही असतात. त्यांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

मीठ आणि साखर यांची गोष्ट निराळी. स्निग्ध पटलातून त्यांस सहज जाता येत नाही. त्यांना दरवाजाच हवा. आपल्या लहान आतड्याच्या पेशींवर एक विलक्षण दरवाजा आहे. सोडियम व ग्लुकोज ही जोडी मिळून आली, म्हणजे तो दोघांनाही आत घेतो. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० साली मांडली. आत आलेले सोडियम पेशी शक्ती खर्चून रक्ताच्या बाजूस ढकलते, आणि त्याच्यामागून परासरणाने पाणी जाते.

हे ज्ञान केवळ परीक्षेपुरते नाही. पटकीचे जंतू विष निर्माण करतात, हे शंभुनाथ डे यांनी कलकत्त्यात १९५९ साली दाखविले. या विषामुळे शरीरातील क्षार व पाणी आतड्यात वाहू लागते; परंतु जोडीचा तो दरवाजा शाबूत राहतो. १९७१ साली बनगाव येथे निर्वासितांत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज घातलेले पाणी रोग्यांस तोंडाने पाजविण्याची व्यवस्था केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

असे असूनही जुलाब होणाऱ्या मुलाचे पाणी तोडणारी घरे आजही आढळतात. ‘पाणी दिले तर जुलाब वाढतील’ हा समज घातक आहे. जुलाबाने मूल दगावते ते बहुधा शरीर सुकल्यामुळे. म्हणून धार काय, देवास काय, प्रत्येक घराने एवढे ध्यानात ठेवावे : ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवून घोट-घोट पाजावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालावे. साखरेपासून आतड्यात ग्लुकोज होते, म्हणून तीही चालते. माप मात्र मोडू नये. अतिगोड पाणी, पाकाने मनुकेचे ओढावे तसे, पेशींचेच पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढवते. जास्त मीठ तर त्याहून धोक्याचे.

अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न चालू ठेवावे. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल झाले किंवा शौचावाटे रक्त पडले, तर विलंब न करता दवाखाना गाठावा, आणि वाटेतही पाणी पाजीत राहावे.

आम्ही शिक्षक हा धडा फळ्यावर शिकवितो. त्याचा खरा उपयोग मात्र आजारी मुलाच्या उशाशी आहे. तेथे एक वाटी व एक चमचा घेऊन बसणारी आई तो आमच्याहून अधिक चांगला शिकवू शकेल.