दर मोठा, हातात किती?

एस्कॉर्टचा दर कानावर आला की बाहेरचा माणूस मनातल्या मनात गुणाकार करून टाकतो: एका रात्रीचे इतके, मग महिन्याचे किती? या धंद्यात नव्याने येणारी बाईही बहुतेक वेळा हाच गुणाकार करून येते. तिला आधीच सावध करावं, म्हणून हे लिहिते आहे. रूप, वय, शहर, इंग्रजी बोलणं यांवर दर ठरतो, असं सगळे मानतात आणि ते खोटंही नाही. पण माझ्या मते या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट असते. समोर आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवायची ताकद तुमच्यात किती आहे, त्यावर तुमचा भाव ठरतो.

मेक्सिकोतल्या धंदा करणाऱ्या बायकांवरचा एक अभ्यास पॉल गर्टलर, मनीषा शाह आणि स्टेफानो बर्टोझी यांनी २००५ साली प्रसिद्ध केला. निरोध नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडून बायका २३ टक्के जास्त घेत होत्या. जी फार देखणी समजली जाई, ती ४६ टक्के. धोका दोघींना सारखाच होता. देखणीला दुसरं गिऱ्हाईक सहज मिळणार होतं, म्हणून तिला ताणून धरता येत होतं. कलकत्त्याच्या सोनागाचीतलं चित्र याहून कडू होतं. तिथल्या १९९३ च्या पाहणीवर आधारलेल्या अभ्यासात निरोधाचा आग्रह धरणाऱ्या बाईची कमाई इतरांपेक्षा खूपच कमी निघाली. एकटीने आग्रह धरला की गिऱ्हाईक शेजारच्या दारात जातं. म्हणूनच डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ मध्ये तिथे सुरू केलेल्या आरोग्याच्या कामाचा रोख सगळ्याजणींनी एकच नियम पाळावा याकडे वळला. पुढे १९९५ मध्ये बायकांनी 'उषा' ही स्वतःची सहकारी पतपेढी काढली. आरोग्याच्या कामात पतपेढी कशाला, असं कुणाला वाटेल. पण सावकाराचा हप्ता डोक्यावर असलेली बाई आजचं गिऱ्हाईक नाकारू शकत नाही, मग त्याने कितीही वाकडी अट घातली तरी. तेव्हा माझं पहिलं सांगणं: निरोध सौद्यात आणूच नका. वरचे पैसे एकदाच मिळतात, दुखणं मात्र पुढची कमाई खात राहतं.

दुसरं, दर आणि कमाई यांची गल्लत करू नका. कोठीवर अधियाची पद्धत उघड असते, निम्मे घरवालीचे. एस्कॉर्टच्या बाबतीत तोच वाटा एजन्सी, हॉटेल, गाडी, फोटो, जाहिरात अशा सभ्य नावांनी जातो. फोनवर घासाघीस करण्यात आणि ऐन वेळी न येणाऱ्यांची वाट पाहण्यात गेलेले तास तर कुणीच मोजत नाही. त्यात कायद्याची गंमत बघा (गंमत म्हणायचं, दुसरं काय!). सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने हे काम करणं १९५६ च्या कायद्याने गुन्हा नाही; पण दोघीजणींनी सोबत असावी म्हणून एकाच फ्लॅटमध्ये काम केलं, तर तो कुंटणखाना ठरू शकतो. मग ती एकटी पडते आणि सुरक्षिततेसाठी दलालाच्या आसऱ्याला जाते. दरात भीतीची किंमत धरलेली असते हे खरं, पण ती किंमत भीती सांभाळणाऱ्यांच्या खिशात जाते.

यावर कुणी म्हणेल, हा साधा मागणी-पुरवठ्याचा खेळ आहे, ताकद वगैरे कशाला? पण पुरवठा तरी कशाने वाढतो? कर्जाने, नवऱ्याने टाकल्याने, दुसरं काम न मिळाल्याने. कमी भावात हो म्हणणारी बाई स्वस्त नसते, तिला थांबायला सवड नसते. तिला नावं ठेवून तुमचा दर वाढणार नाही. (अल्पवयीन मुलगी किंवा जबरदस्तीने आणलेली बाई यांच्या बाबतीत दराची चर्चाच होऊ शकत नाही. तो सरळ गुन्हा आहे.)

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: असे हिशेब शिकवणं म्हणजे धंद्याला उत्तेजन देणं. मला ते पटत नाही. आजचं गिऱ्हाईक परत पाठवायला गाठीशी जे लागतं, तेच धंदा सोडायलाही लागतं. अंगावर कर्ज आणि हातात फक्त रोख असेल तर बाई दोन्ही करू शकत नाही. म्हणून दर वाढवण्याआधी खातं उघडा आणि ते स्वतःच्या नावावर ठेवा, एजन्सीवाल्याच्या किंवा मित्राच्या नको. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून अडत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये या बायकांसाठी वाट काढून दिली आहे: राज्याच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांचं प्रमाणपत्र घेऊन आधार कार्ड काढता येतं, आणि त्यावर तुमचा व्यवसाय कुठेही उघड करायचा नाही, असंही न्यायालयाने बजावलं आहे.