दम्याच्या पंपाखाली झाकलेला आजार

माझी मुलगी एक जिना चढली तरी धापा टाकायची. ओठ जांभळट, बोटांची टोकं फुगलेली. आमच्या डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला. छातीत घरघर नाही, मग पंप कशाला, असं विचारलं तर म्हणाले, ‘‘ताई, गूगल कमी वाचा.’’ हृदयाचा टूडी इको नॉर्मल आल्यावर तर ‘शाळा बुडवायची नाटकं’ इथवर मजल गेली. वर्गात डुलक्या घ्यायची, तोही आळसच ठरला.

आमच्या ताथवड्याबाहेरच्या दुसऱ्या डॉक्टरांनी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आधी झोपवून, मग उभं करून. उभी राहताच आकडा घसरला. त्यांनी पोटाची डॉपलर सोनोग्राफी लिहून दिली. तिथल्या मॅडम बराच वेळ एकाच जागी प्रोब फिरवत राहिल्या, मग मला स्क्रीन दाखवली. आतड्यांतलं रक्त यकृतात न जाता आडवाटेनं थेट मोठ्या शिरेत चाललं होतं. गाळलंच न गेल्यामुळे अमोनिया मेंदूत जाऊन झापड येते आणि फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या फुगून ऑक्सिजन उतरतो. ॲबरनेथी मालफॉर्मेशन. लंडनच्या जॉन ॲबरनेथींनी 1793 सालीच याची नोंद केली आहे. आमच्या डॉक्टरांना मात्र नखं बघायला फुरसत नव्हती!

पोट उघडावं लागलं नाही. मानेच्या शिरेतून तार घालून आडवाट फुग्यानं तात्पुरती बंद केली, यकृतात रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब मोजला. तो झेपतोय म्हटल्यावर तिथे धातूच्या जाळीचं बूच बसवलं. दाब फार वाढला तर टप्प्याटप्प्यानं बंद करतात. यकृतात जाणारी पोर्टल शीरच नसेल तर मात्र प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो.

आता इतर पालकांनी ऐका. अमोनियाच्या तपासणीचं रक्त बर्फात ठेवून लगेच तपासावं लागतं. वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकलेला नमुना खोटा वाढीव आकडा दाखवतो. म्हणून लॅब असलेल्या रुग्णालयातच द्या. लिव्हर फंक्शन टेस्ट नॉर्मल आली म्हणून गप्प बसू नका. फुप्फुसातल्या फुगलेल्या वाहिन्यांसाठी बुडबुड्यांचा इको (बबल इको) मागा. सीटी स्कॅनची सीडी स्वतःजवळ ठेवा. विमावाले ‘जन्मजात’ म्हणून क्लेम फेटाळतात. पॉलिसीत आंतरिक आणि बाह्य जन्मजात दोष वेगळे धरलेत का, ते वाचा आणि भांडा. धीर धरा, फाइल नीट ठेवा, दुसरं मत घ्या. बूच बसलं म्हणून ऑक्सिजन दुसऱ्या दिवशी वाढत नाही, महिने लागतात. पोर्टल शिरेत गुठळी होऊ शकते, तेव्हा पुढच्या डॉपलर तपासण्या चुकवू नका.

हृदय ठीक, तरी ऑक्सिजन कमी असेल, तर यकृताची डॉपलर करून घ्याच. या तपासणीला ना सुई लागते, ना भूल.