चित्राला मार्क देऊ नका

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. दिवाळीपासून घरात फारसं बोलत नाही. विचारलं की "काही नाही" म्हणते. वह्यांच्या मागच्या पानांवर मात्र सारखं काहीतरी काढत असते, तेही काळ्या पेनानं. नागपूरची माझी बहीण म्हणते की आजकाल चित्रं, नाच, नाटक यांतून मुलांच्या मनावर उपचार करतात. म्हणजे ड्रॉइंगचा क्लासच ना? त्यानं खरंच काही होतं का? आणि आमच्याकडे हे मिळणार कुठं?
– एक आई, लाखांदूर तालुका, जि. भंडारा

उत्तर : ताई, आधी त्या काळ्या पेनाची भीती मनातून काढा. काळा रंग म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, खिडकी नसलेलं घर म्हणजे एकटेपणा, असे तक्ते मोबाइलवर फिरत असतात. घर, झाड आणि माणूस काढायला लावून स्वभाव ओळखायच्या चाचण्या अमेरिकेत १९४०च्या दशकात निघाल्या खऱ्या. पण नुसत्या चित्रावरून मनाचं निदान करणं किती बेभरवशाचं आहे, हे पुढच्या संशोधनानं वारंवार दाखवून दिलं. नववीच्या मुलीच्या दप्तरात निळं आणि काळं अशी दोनच पेनं असतात. निळ्याची शाई संपली असेल. तिचं न बोलणं मात्र मनावर घ्यायला हवं. त्याकडे येतेच.

ड्रॉइंगचा क्लास वेगळा. तिथं सरांचं लक्ष चित्राकडे असतं. शेडिंग जमलं का, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला कोणती श्रेणी येईल, दहावीला वाढीव गुण पदरात पडतील का. त्यात वाईट काही नाही, पण मुलीला तिथं पुन्हा एक परीक्षाच द्यायची असते. कलोपचारात चित्र बिघडलं तरी कोणाचं काही अडत नाही. उपचार करणारी व्यक्ती शेजारी बसते. हात कुठं थबकला, काय खोडलं, कशाजवळ आल्यावर मुलगी बोलायला लागली, हे ती बघते. चित्राचा अर्थ मुलीनंच सांगायचा असतो, आणि सांगायचा नसेल तर नाही सांगायचा.

ही पद्धत आजारी माणसाच्या खाटेवरच सापडली आहे. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार १९३८ साली क्षयरोगामुळे सॅनेटोरियममध्ये पडून होता. वेळ जाईना म्हणून अंथरुणातच चित्रं काढू लागला, मग शेजारच्या रुग्णांच्या हातीही त्यानं पेन्सिल दिली. ज्यांनी कधी ब्रश धरला नव्हता, ते कागदावर आपली भीती मांडू लागले. १९४२ मध्ये हिलनं या कामाला 'आर्ट थेरपी' म्हटलं. त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या एका मनोरुग्णालयात मॅरियन चेस ही नर्तकी, बोलणं सोडलेल्या रुग्णांबरोबर तालावर नुसती हलत-डुलत त्यांच्यापर्यंत पोचायचा प्रयत्न करत होती.

नाव परकं असलं तरी रीत आपल्याला नवी नाही. जात्यावर बसलेली सून सासूशी तोंडावर भांडू शकत नव्हती. जे सलायचं ते ती ओवीत घालायची, आणि ते ऐकायला जातं असायचं, समोर बसून दळणारी दुसरी बाई असायची. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या गावांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी ओव्यांत असं दुःख आहे, जे त्या बाईनं साध्या बोलण्यात कोणालाच सांगितलं नसतं. चौदा वर्षांच्या मुलीचंही असंच होतं. "तुला काय झालंय?" या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसतं, कारण काय होतंय ते तिचं तिलाही धड कळलेलं नसतं. या वयात भावनांचा जोर आधी वाढतो आणि त्यांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पूर्ण तयार होतो. पण तुम्हा दोघींच्या मध्ये एक कागद असला, की त्या कागदातल्या मुलीबद्दल बोलता येतं. स्वतःबद्दल बोलावं लागत नाही.

नाटकाचं सामर्थ्य तर तुम्हा झाडीपट्टीतल्या लोकांना मी काय सांगावं! लाखांदूरहून नाटक कंपन्यांचं वडसा जवळच, आणि दिवाळीपासून पुढं सगळा हंगाम रात्र-रात्र नाटकं बघत तुमची गावं जागी असतात. तरी एक गोष्ट सांगते. याकोब मोरेनो हा डॉक्टर १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात आयत्या वेळी सुचेल ते करायचं नाटक चालवत असे. त्याच्याकडची बार्बरा नावाची नटी रंगमंचावर कायम गोड, सोज्वळ भूमिका करायची. तिच्या नवऱ्यानं एकदा मोरेनोला गाठून सांगितलं, की घरी ही आदळआपट करते, अंगावर येते. मोरेनोनं तिला मुद्दाम भांडखोर, शिवराळ बायकांच्या भूमिका दिल्या. बार्बरानं त्या जीव तोडून केल्या. काही दिवसांनी नवरा सांगत आला की घरातली भांडणं कमी झाली. रागाच्या भरात तिला मध्येच रंगमंचावरची ती बाई आठवते आणि हसू येतं. हा किस्सा मोरेनोनं स्वतःच सांगितला आहे, तेव्हा त्यात थोडा मीठमसाला धरून चाला. पण मनोनाट्य, म्हणजे भूमिका करून मन मोकळं करण्याची उपचारपद्धत, त्याच्या अशाच अनुभवांतून उभी राहिली.

'खरंच काही होतं का?' हा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं केलंत, कारण या क्षेत्रात गोड बोलणारे फार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांवरच्या ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. एकूण सूर अनुकूल आहे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटं चित्रं, कोलाज, मातीकाम असं हवं ते करू दिलं. साधारण पाऊण भाग लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालं. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. आधी कला येत होती की नव्हती, यानं निकालात फरक पडला नाही. मात्र यातले बरेच अभ्यास लहान आहेत, हा तर मोठ्या माणसांवरचा आहे, आणि एका बैठकीनं कॉर्टिसोल उतरलं म्हणजे नैराश्य बरं झालं असं होत नाही. समुपदेशनाच्या आणि गरज असेल तर औषधाच्या जोडीला कला चांगली. त्यांच्या जागी तिला बसवू नये.

आता घरी काय करायचं? जेवणं आटोपल्यावर तिच्याजवळ तुम्हीही एक कागद घेऊन बसा. "काय काढलंस?" असं विचारू नका. "मी पण काढू का?" विचारा आणि खरंच काढा, वेडंवाकडं. "किती छान!" हेही टाळा, तो मार्कच झाला. ती शाळेत गेल्यावर वही चाळू नका. आणि चित्र आवडलं म्हणून व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावू नका. एकदा ते मावशीच्या फोनवर दिसलं, की पुढचं चित्र ती काढेल ते मावशीसाठी.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, मैत्रिणी सोडल्या असतील, हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या किंवा "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही कानावर आलं, तर कागद-पेन्सिल बाजूला ठेवा आणि सरळ विचारा, "तुला मरावंसं वाटतं का?" असं विचारल्यानं तो विचार नव्यानं डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला सुटल्यासारखं वाटतं. तशा वेळी तिला एकटी सोडू नका, लगेच भंडाऱ्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय गाठा. रात्री-अपरात्री टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठीचा १०९८ आहेच. इतकी घाई नसेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात 'मैत्री क्लिनिक'ची चौकशी करा. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी २०१४ पासून चाललेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली ही केंद्रं. तिथं कोणी चित्रं काढून घेईलच असं नाही, पण दुसऱ्या खोलीत आईला बसवून मुलीशी निवांत बोलणारं माणूस हवं असतं, त्याची सुरुवात इथून होते.

कलोपचाराचं रीतसर शिक्षण घेतलेली माणसं बहुतेक मुंबई-पुण्याकडे आहेत. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं कोलकाता संवेद या संस्थेबरोबर नृत्य-हालचाल उपचाराचा पदविका अभ्यासक्रम चालवला आहे. २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या केंद्रीय कायद्याच्या यादीत कला आणि नृत्य-हालचाल उपचारकांचाही उल्लेख आला. तरी पाटी कोणीही लावू शकतो, अशी आजची स्थिती. तेव्हा कोणी 'थेरपिस्ट' म्हणून भेटलं तर कुठं शिकलात, किती काळ शिकलात, आणि अडलं तर तुम्ही कोणाला विचारता, हे तीन प्रश्न बिनधास्त करा. तिसऱ्याला उत्तर नसेल तर परत या.

प्रश्न : आमच्या गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, दंडार हे लोकनाट्य होतं, मुलं वेड्यासारखी बघतात. शाळेत आठवी-नववीच्या मुलांना घेऊन तसं काही केलं तर त्यांचा ताण हलका होईल का? मी थेरपिस्ट नाही, साधा शिक्षक आहे.
– एक शिक्षक, साकोली तालुका

उत्तर : सर, जरूर करा, फक्त त्याला थेरपी म्हणू नका. ठाण्यात रत्नाकर मतकरींच्या कल्पनेतून 'वंचितांचा रंगमंच' उभा राहिला. वस्त्यांतली मुलं आपल्या आयुष्यातले विषय घेऊन स्वतःच नाटिका बसवू लागली. मोठ्यांनी लिहिलेलं पाठ करायचं नाही, ही त्यातली खरी गंमत. तुमच्याकडे तर ढोलकी आहे, झांजा आहेत, मैदान आहे आणि गावाला रात्रभर बसायची सवय आहे.

पथ्यं मात्र पाळा. कोणाही मुलाला त्याच्या घरची खरी घटना सगळ्यांसमोर करायला लावू नका. बाप दारू पितो हे गावाला ठाऊक असलं, तरी त्या पोरानं ते मंडईत करून दाखवणं म्हणजे जखमेवरची खपली काढणं. गोष्ट कोणा 'रामू'ची असू द्या. तालीम संपली की मुलांना भूमिकेतून बाहेर काढा. प्रत्येकानं स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं, हातपाय झटकायचे आणि मगच घरी जायचं. नाचणाऱ्या पोराला 'नाच्या' म्हणून चिडवतील. त्याचा बंदोबस्त पहिल्याच दिवशी करा, नाहीतर ज्याला मोकळं व्हायची सर्वांत जास्त गरज आहे तोच भिंतीला टेकून उभा राहील. आणि तालमीत एखाद्या मुलानं लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं, तर ते गुपित म्हणून ठेवता येणार नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलाला "मी कोणाला सांगणार नाही" असं वचन म्हणूनच देऊ नका.

बक्षीस ठेवू नका. पहिला-दुसरा नंबर आला की सगळं पुन्हा स्नेहसंमेलन होतं.

प्रश्न : मला चित्र काढता येत नाही. नाचायची लाज वाटते. गातो तर सगळे हसतात. मग माझ्यासाठी काय?
– एक मुलगा, दहावी, पवनी

उत्तर : मित्रा, तू लिही. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं, मनात सर्वांत जास्त सलणाऱ्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं. शुद्धलेखन बघायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. लिहून झाल्यावर मुलं आधीपेक्षा खिन्न झाली, हे तुला आधीच सांगून ठेवते. पण पुढच्या काही महिन्यांत, साध्या विषयावर लिहिणाऱ्या मुलांपेक्षा त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. लिहिल्यावर लगेच मन जड होतं, म्हणून ऐन झोपायच्या वेळी लिहू नकोस. संध्याकाळी लिही आणि नंतर मैदानावर जाऊन ये. खूपच जड वाटलं तर लिहिणं थांबव, आणि ज्याच्यावर भरवसा आहे अशा मोठ्या माणसाशी किंवा १४४१६ वर बोल. दहावीच्या प्रश्नसंचांच्या गठ्ठ्यात वही लपवायचा विचार असेल तर थांब. घरातले तिथंच आधी बघतात.