तांबडं तेल गळतंय? गिअरबॉक्स उतरवायची घाई नको

निलंग्यात ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स डोळे झाकून जोडणारे मिस्त्री आहेत. जुनी ऑटोमॅटिक कार मात्र त्यांच्या हाताखाली क्वचितच येते. पुण्यात १९९५पासून तयार झालेली मर्सिडीज डब्ल्यू-१२४ किंवा त्याच दशकातली तीन गिअरची झेन ऑटोमॅटिक कुणी हौसेनं सांभाळली असेल आणि एके दिवशी तिच्याखाली तांबडा डाग दिसला, की पहिला सल्ला ठरलेला: 'गिअरबॉक्स खोलावा लागतोय, साहेब.' मान हलवलीत की पंधरा-वीस हजार गेले. आणि पुष्कळदा दोष निघतो तो शे-दोनशेच्या रबरी रिंगेचा. (इथले सगळे आकडे अंदाजाचे आहेत, भाव दुकानागणिक बदलतात.)

आधी ते तेल गिअरबॉक्सचंच आहे का, हे ठरवा. डागाखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा ठेवा. ऑटोमॅटिकचं तेल, म्हणजे एटीएफ, ताजं असताना तांबडं असतं. पण पुष्कळ गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही हेच तेल असतं, तेव्हा त्या डबीची लेव्हल पाहून घ्या. जुनं झालेलं एटीएफ तपकिरी पडतं आणि इंजिन ऑइल म्हणून खपून जातं. त्याला जळका वास येत असेल, तर प्रश्न नुसत्या गळतीचा राहिलेला नाही.

मग डिपस्टिक. मर्सिडीजमध्ये गाडी सपाट जागेवर, इंजिन चालू, लिव्हर 'पी'वर आणि तेल चांगलं गरम असताना लेव्हल बघायची. इतर गाड्यांची रीत वेगळी असू शकते, मॅन्युअल पाहा. थंड गाडीत लेव्हल कमी दिसते, म्हणून कुणीतरी लिटरभर जास्त ओततो. जास्तीच्या तेलाला फेस येतो आणि ते ब्रीदरमधून बाहेर पडतं. अशा 'गळती'चा इलाज म्हणजे जादा तेल काढून टाकणं, बस्स. दुसरा फसवा प्रकार उभ्या गाडीचा. दोन-तीन आठवडे गाडी हलली नाही, तर कन्व्हर्टरमधलं तेल खालच्या चेंबरमध्ये उतरतं, लेव्हल चढते आणि एरवी कोरड्या असणाऱ्या सिलेक्टर शाफ्टच्या सीलमधून थेंब पडू लागतात.

आता धुलाई, सगळ्यात महत्त्वाचं काम. डिझेल आणि ब्रशनं गिअरबॉक्सचा बाहेरचा सगळा चिखल-तेलाचा थर काढा, साबणानं धुवा, हवेनं सुकवा. वॉशिंग सेंटरवर तीन-पाचशेत होतं. मग संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर उडवा आणि औराद शहाजानीच्या रस्त्यानं पंधरा-वीस किलोमीटर गाडी फिरवून पिटवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. वाऱ्यानं तेल मागं आणि खाली पसरतं, त्यामुळे थेंब जिथं पडतो तिथं भोक नसतं. पावडर ओली झालेली सर्वांत वरची, सर्वांत पुढची जागा शोधा.

चेंबरची कड ओली असेल, तर पॅकिंग. इथं ट्रॅक्टरची सवय नडते: पान्याला पाइप लावून बोल्ट आवळले की चेंबरची कड वाकते आणि नवं पॅकिंगही गळतं. मनगटाच्या जोरापुरतेच आवळायला सांगा. पॅकिंग-फिल्टरचे दीड ते तीन हजार, एटीएफ लिटरला चारशे ते सातशे, मजुरी हजार-दीड हजार. डब्ल्यू-१२४च्या कन्व्हर्टरला स्वतंत्र ड्रेन बोल्ट आहे. तोही सोडला तर साधारण साडेपाच-सहा लिटर तेल लागतं. एकूण पाच ते नऊ हजार. तेल भरायच्या नळीची ओ-रिंग, किकडाउन सोलेनॉइडची ओ-रिंग, सिलेक्टरचं सील हे प्रत्येकी पन्नास-तीनशेचे जिन्नस, मजुरी हजाराच्या आसपास. झेनमध्ये एक्सलची दोन सीलंही बघायला सांगा. कूलरचा रबरी तुकडा बदलताना गरम तेलाला टिकणाराच होज घ्या. पाण्याचा पाइप चालत नाही.

जमीन कोरडी, तरी तेल कमी होतंय आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर? जुन्या मर्सिडीजमध्ये मॉड्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून पाहा. आत तेल असेल तर पडदा फाटलाय आणि इंजिन ते तेल ओढून जाळतंय. रेडिएटरमध्ये स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी पाणी दिसलं, तर आतला कूलर फुटलाय. त्या क्षणी गाडी बंद करा.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखालच्या भोकातून तांबडं तेल येत असेल, तरच पुढच्या पंप-सीलसाठी गिअरबॉक्स उतरवायचा. सील हजाराच्या आतबाहेर, मजुरी दहा ते अठरा हजार. उतरवलाच आहे तर इंजिनचं मागचं सीलही त्याच मजुरीत बदलून घ्या. दिवसाला दोन थेंबांसाठी मी स्वतः हे करणार नाही. ट्रे ठेवीन आणि लेव्हल बघत राहीन. गळती थांबवणाऱ्या बाटल्या सील फुगवून काही दिवस ढकलतात, इतकंच.

मोठं काम निघालं, तर निलंग्याहून पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. पण गाडी सपाट ट्रकवरच न्या, भाड्यात परतीचा फेरा धरलाय का ते आधी ठरवा. ट्रॅक्टरमागं दोर बांधून ओढू नका: इंजिन बंद असलं की पंप फिरत नाही आणि गिअरबॉक्स कोरडाच घासतो.

काम सुरू होण्याआधी लेखी अंदाजपत्रक, नंतर पक्कं बिल आणि काढलेले जुने पार्ट मागून घ्या. वाद झालाच तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायची झाल्यास, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.