नोकरीचा अर्ज आणि सोबतचा बायोडेटा

नोकरीच्या अर्जासोबत जोडावयाच्या माहितीपत्रास आपल्याकडे बायोडेटा म्हणतात. हल्ली रेझ्युमेही म्हणू लागले आहेत. नाव कोणतेही असो, तो उमेदवाराच्या गुणांची आरती नव्हे. ‘मी कष्टाळू, प्रामाणिक व होतकरू आहे’ असे प्रत्येकच जण लिहितो, त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनावर त्याचा काहीच ठसा उमटत नाही. त्यास एवढेच पाहावयाचे असते की, हा मनुष्य आमचे काम करील काय, आणि तसे मानण्यास आधार कोणता.

आपल्या मुलांचे बायोडेटे पाहताना असे आढळते की, जे सांगावयास हवे तेच नेमके गाळलेले असते. घरच्या किराणा दुकानात चार वर्षे रोज संध्याकाळी बसलेला मुलगा ‘अनुभव’ या शब्दापुढे ‘नाही’ असे लिहितो. का, तर पगार मिळाला नव्हता! त्याने लिहावे: ‘घरच्या दुकानात चार वर्षे विक्री, उधारीची वही व मालाची नोंद ठेवली, दोन वर्षांपासून हिशेब संगणकावर.’ ही एक ओळ दहा विशेषणांना भारी आहे. मात्र लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर मुलाखतीत प्रश्न येणार हे धरून चालावे.

आधी काय व मागाहून काय, हे नोकरी देणाऱ्याच्या गरजेवरून ठरवावे. लिओनार्दो दा विंचीने सुमारे 1482 मध्ये मिलानचा अधिपती लुदोविको स्फोर्झा यास उद्देशून नोकरीसाठी पत्र तयार केले. त्यात पूल, तोफा व युद्धाची यंत्रे प्रथम आहेत. ज्या चित्रकलेमुळे जग त्याला ओळखते ती अगदी शेवटी. आजही जाहिरात दोनदा वाचून मगच बायोडेटा लिहावा, आणि तो दर जागेसाठी नव्याने जुळवावा. मोठ्या कंपन्यांत पुष्कळदा अर्ज आधी संगणकच चाळतो. म्हणून वेलबुट्टी व चौकटी टाळून साधी मांडणी करावी.

भाषांच्या बाबतीत गौलीगुड्यातील मराठी मुले स्वतःवर अन्याय करतात. घरी मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात दखनी, शाळेत इंग्रजी, हे त्यांना इतके अंगवळणी पडलेले असते की त्याची किंमतच वाटत नाही. प्रत्येक भाषेपुढे बोलता, वाचता व लिहिता येते काय, हे वेगवेगळे नोंदवावे. तेलुगू केवळ बोलता येत असेल तर तेवढेच लिहावे.

नावाचा घोटाळा मात्र जिवावर बेततो. मराठी रीतीने स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. तेलुगू रीतीने घराण्याचे नाव पहिले. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे असे झाले की एका मुलाचे तीन उमेदवार होतात! दहावीच्या प्रमाणपत्रावर जसे असेल तसेच सर्वत्र ठेवावे.

तेलंगणा सरकारच्या नोकरीसाठी आणखी एक कागद लागतो. निजामी अमदानीत 1919 च्या मुलकी नियमांनुसार पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागे. आता 2018 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार सरळ भरतीच्या 95 टक्के जागा स्थानिक उमेदवारांसाठी असून, त्यासाठी पहिली ते सातवीचे शिक्षण कोठे झाले ते पाहतात. त्यांपैकी निदान चार वर्षे त्या क्षेत्रात झालेली असावी लागतात. मूल तिसरीपर्यंत नांदेडला आजोळी राहून पुढे हैदराबादेत शिकले, तर चौथी ते सातवी अशी चार वर्षे भरतात. चौथीही तिकडेच झाली तर तीनच उरतात. हा हिशेब पालकांनी मूल लहान असतानाच करावा. या सात इयत्तांचे दाखले ज्या त्या शाळेतून वेळीच घ्यावेत. शाळा बंद पडली वा जुनी दप्तरे हलली, की एका कागदासाठी महिना महिना खेटे घालावे लागतात, आणि अर्जाची मुदत त्यासाठी थांबत नाही.