विंगेतून ऐकलेला हशा

सांगलीतल्या आमच्या हौशी नाट्यमंडळात मी बरीच वर्षं प्रॉम्प्टर होते. प्रॉम्प्टर नाटक बघत नाही, ऐकतो. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात लहानशी बॅटरी, एक कान नटाकडे आणि दुसरा प्रेक्षकांकडे. विनोदी नाटक असलं की मी समासात पेन्सिलीने खुणा करत असे. हलकं हसू आलं तर एक रेघ, थिएटर दणाणलं तर दोन, वाक्य कोरडं गेलं तर टिंब. चार-सहा प्रयोग झाले की तो समास बोलू लागे. तालमीत आम्ही ज्या वाक्यांवर पोट धरून हसलो होतो तिथे टिंबं, आणि ज्यांच्याकडे कोणी लक्षही दिलं नव्हतं अशा साध्या वाक्यांपुढे दोन-दोन रेघा. त्या समासाने शिकवलेल्या या आठ गोष्टी. नाटकाबाहेरही त्या तितक्याच लागू पडतात.

१. विनोदी माणसाला आपण विनोदी आहोत याचा पत्ता नसतो.

नाटककार देवल आमच्या हरिपूरचे, त्यामुळे 'संशयकल्लोळ' हे आम्हा सांगलीकरांचं घरचं नाटक. त्यातल्या संशयी नवऱ्याचं, फाल्गुनरावाचं काम मी वेगवेगळ्या नटांकडून ऐकलं. भुवया उडवत, प्रेक्षकांकडे तिरकं बघत काम करणाऱ्याच्या वाट्याला टिंबं जास्त यायची. खरोखर पोटात कालवाकालव झाल्यासारखं बोलणाऱ्याला रेघा मिळायच्या. फाल्गुनरावाच्या दृष्टीने तो शोकांतिकेतच आहे. त्याचा संसार बुडतो आहे, आणि तो वाचवायला त्याच्याशिवाय कोणी नाही. आमच्या सोसायटीच्या सभेत जिन्यातला बल्ब किती वॅटचा असावा यावर एकदा बराच वेळ वाद चालला. कोणीही गमतीने एक शब्द बोललं नाही. घटनादुरुस्तीवर बोलावं तसे सगळे बोलत होते, म्हणून तर मागे बसलेल्या आम्हा दोघी-तिघींना हसू आवरेना.

२. प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त माहीत हवं.

'संशयकल्लोळ'मध्येच बघा. रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं तेवढंच त्याच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या नजरेस पडतं. रेवतीकडून पडलेली तिच्या प्रियकराची, आश्विनशेठची तसबीर कृत्तिका उचलते, ती न्याहाळत असते, आणि नेमकं तेवढंच फाल्गुनराव बघतो. दोघांच्या हाती पुरावा आहे, दोघंही चुकताहेत, आणि खरं काय ते फक्त आपल्याला ठाऊक आहे. एकदा ही घडी बसली की वेगळे विनोद पेरायची गरजच राहत नाही. साधा प्रश्न विचारला तरी हशा येतो. म्हणूनच तसबीर पडण्याची जागा आमचे दिग्दर्शक पुन्हापुन्हा घोटून घेत. ती उजेडात, पुढच्या बाजूला आणि शेवटच्या रांगेलाही दिसेल अशीच पडली पाहिजे. ती दिसली नाही तर पुढचा सगळा प्रवेश वाया. या नाटकाचं मूळ आर्थर मर्फी या लेखकाच्या इंग्रजी नाटकात, आणि त्याच्याही मागे मोलिएर. देवलांनी १८९३ साली ते 'फाल्गुनराव' म्हणून गद्यात आणलं, आणि १९१६ साली त्याचं संगीत रूप रंगभूमीवर आलं. फ्रान्समधून इंग्लंडमार्गे ही गोष्ट महाराष्ट्रात आली तरी हसू कुठे सांडलं नाही, कारण ते भाषेवर बेतलेलं नव्हतं. कोणाला काय ठाऊक आहे, यावर बेतलेलं होतं. घरी किस्सा सांगणाऱ्यांची फजिती इथेच होते. आत्या किती काटकसरी आहे हे आधी सांगायचं राहून जातं, आणि मग तिने रिक्षावाल्याकडून एक रुपया परत मागितला यात हसण्यासारखं काय, असा चेहरा करून पाहुणे बसतात.

३. थांबणं हे वाक्याइतकंच पाठ असावं लागतं.

हशा चढतो, माथ्यावर जातो आणि उतरू लागतो. पुढचं वाक्य तो उतरत असताना यावं. आधी आलं तर नटाने स्वतःच आपला हशा खाल्ला, आणि पुरता विझल्यावर आलं तर प्रवेश थंड पडला. हशा खाण्याचा आणखी एक तोटा आहे. हसण्याच्या नादात एखादं वाक्य ऐकू आलं नाही की प्रेक्षक पुढच्या वेळी हसू दाबून ऐकायला लागतात. प्रॉम्प्टरची तर यात फारच पंचाईत. समोरचा नट गप्प आहे तो थांबला म्हणून, की विसरला म्हणून? मी थांबण्याच्या जागा संहितेत चौकोन करून ठेवत असे, पण खरी खूण डोळ्यांत मिळायची. थांबलेल्या नटाची नजर सहकलाकारावर रोवलेली असते. विसरलेल्या नटाची बुबुळं हलतात आणि हळूच विंगेकडे वळतात. घरात विनोद मरतात ते बहुतेक घाईने. बोलणाऱ्याचं शेवटचं वाक्य पुरं होण्याआधीच कोणीतरी "अरे, माझ्या बाबतीत तर..." म्हणून सुरू होतं.

४. हशा एकाला मिळतो, पण तो दोघांनी कमावलेला असतो.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं. त्यांच्या खेळांत सुरुवातीलाच विदूषक येऊन सूत्रधाराशी बोले. तमाशातल्या बतावणीतही दोघं लागतात. एक सरळ विचारणारा, दुसरा वाकडं उत्तर देणारा. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके ताज्या घडामोडींवर ऐनवेळी काय बोलतील याचा नेम नसे. अशा वेळी समोरच्याने न हसता, न गडबडता कथानकाचा धागा धरून ठेवायचा असतो. प्रश्न स्पष्ट ऐकू आला नाही तर उत्तराचं मातेरं होतं. आमच्या मंडळात सरळ वाक्य टाकणाऱ्याची टाळी कधी पडली नाही, पण तो बदलला की विनोदी नटाच्या पुढच्या रेघा निम्म्यावर येत. चारचौघांत मिस्कील म्हणून नावाजलेल्या कितीतरी पुरुषांच्या शेजारी "काहीतरीच काय तुमचं!" असं अगदी वेळेवर म्हणणारी बायको असते.

५. वेषात विनोद नसतो.

बालगंधर्व लुगडं नेसून आले की प्रेक्षक हसत नसत. त्यांच्या नेसण्याची, दागिन्यांची बायका नक्कल करत. अत्र्यांच्या 'मोरूची मावशी'त पुरुषच लुगडं नेसतो, आणि लोक लोटपोट होतात. ब्रँडन थॉमसच्या 'चार्लीज आन्ट'वरून अत्र्यांनी ते बेतलं, आणि पुढे विजय चव्हाणांची मावशी घरोघरी पोचली. फरक लुगड्याचा नाही. मावशी हा पुरुष आहे हे आपल्याला माहीत आहे, रंगमंचावरच्या काहींना माहीत नाही, आणि त्याला काहीही करून निभावून न्यायचंय. कंबर मुरडून हशा काढणाऱ्या नटाला एन्ट्रीला दोन रेघा पडतात आणि तिथेच त्याचं भांडवल संपतं. मनापासून पदर सावरणारा शेवटपर्यंत टिकतो.

६. कोणाला हसतोय, हे एकदा तपासावं.

मालवणी बोली मराठी रंगभूमीवर होती, पण बहुतेक घरगड्याच्या तोंडी. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने, आणि त्यातल्या मच्छिंद्र कांबळींनी, ती अख्ख्या गावाची केली. रंगमंचावर सगळेच मालवणी बोलू लागले की बोलीला हसण्याचं कारण उरत नाही. मग हसू येतं ते अपुऱ्या नटसंचात आणि मानापमानात द्रौपदीचं वस्त्रहरण उभं करण्याच्या धडपडीला. त्या नाटकाला सर्वांत मोठ्याने हसले ते मालवणी लोकच. याउलट एका लग्नघरात विदर्भातून आलेल्या नव्या सुनेच्या बोलण्याची नक्कल चाललेली मी पाहिली आहे. तीही हसत होती, पण हातातल्या रुमालाची तिने गुंडाळी करून टाकली होती. माझी कसोटी साधी आहे. ज्याच्यावर विनोद झाला तो तितक्याच मोकळेपणाने उलट टोला देऊ शकतो का? देऊ शकत असेल तर ती थट्टा. नसेल तर तो तिथल्या ताकदवानांचा खेळ.

७. विखुरलेले लोक हसत नाहीत.

बुकिंग कमी असलं की आमचे व्यवस्थापक तिसऱ्या घंटेआधी विनवण्या करून मागच्या लोकांना पुढे आणून बसवत. तोच खेळ, तेच नट, पण खांद्याला खांदा लागला की एकाचं हसू दुसऱ्याला लागतं. चार खुर्च्या सोडून एकटा बसलेला माणूस मनात हसतो, आणि मनातलं हसू विंगेपर्यंत येत नाही. कुटुंबाच्या ग्रुपवर फक्त पिवळे चेहरे मिळवणारा किस्सा पंगतीत ठसका लावतो, त्याचं कारणही हेच.

८. जिथे सर्वांत जास्त हशा, तिथे थोडं थांबून बघावं.

नाटककार गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि 'एकच प्याला' त्यानंतर रंगभूमीवर आलं. त्यातल्या तळीरामाच्या आणि आर्य मदिरा मंडळाच्या प्रवेशांत माझा समास दुहेरी रेघांनी भरून जाई. पण त्याच बाटलीने पुढे नायकाचं, सुधाकराचं घर धुऊन नेलं की कळायचं, गडकऱ्यांनी हसवता हसवता आपल्याला त्या मंडळाचं सभासद करून घेतलं होतं. दारू वाईट असते हे सांगणारा उपदेशक पुष्कळांना टाळता येतो. आपण जिला मघाशी टाळ्या दिल्या ती बाटली टाळता येत नाही.

घराघरांतही असे प्रवेश चालू असतात. माझ्या नात्यात एका काकांच्या 'संध्याकाळच्या औषधा'वर वर्षानुवर्षं विनोद होत. ते विनोद खरंच चांगले होते, आणि काकाही त्यांत सामील असत. सगळे इतके हसत की डॉक्टरांचं नाव काढणं बेरसिकपणाचं वाटे. शेवटी ते काढलं धाकट्या सुनेने, कारण ती घरात नवी होती आणि तिला त्या विनोदांची सवय झालेली नव्हती. तेव्हापासून मी एक पथ्य पाळते. ज्या विषयावर घरात सर्वांत जास्त विनोद होतात, तो विषय वर्षातून एकदा तरी, कोणीही न हसता, बोलून घ्यायचा. पुन्हा हसायला मोकळीक असतेच, आणि तो विषय खरंच हसण्यावारी नेण्याजोगा असेल तर दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कोणीतरी सुरुवात करतंच.