ढेप, कोंडा आणि शेवयांचे यंत्र



गेल्या पावसाळ्यानंतर नवापूर तालुक्यात, उकाई धरणाच्या फुगवट्यावर, आपल्या बहिणींच्या बचतगटाने पिंजऱ्यांत तिलापिया सोडली. बाजारात आपण तिला चिलापी म्हणतो. (गालील समुद्रातली तिची भावंडे ‘पेत्राचा मासा’ म्हणून ओळखली जातात.) या धंद्यात निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावरच होतो. तयार गोळ्यांची पोती उधारीवर आली आणि दोन महिन्यांत गटाची बचत संपली. तेव्हा मीच सल्ला दिला, “घरचा कोंडा घाला.”

सल्ला चुकला. तळ्यातला मासा शेवाळ, किडे खाऊन पोट भरतो. पिंजऱ्यातल्याला मुख्यतः आपण देऊ तेच मिळते. शिवाय कोरडा कोंडा जाळीबाहेर वाहून गेला. एक मावशी म्हणाल्या, “दादा, आपण मासे नाही, धरण पोसतोय.”

मग हिशेब शिकलो. वाढत्या तिलापियाला खाद्यात सुमारे 28 टक्के प्रथिने लागतात. शेंगदाण्याच्या ढेपेत ती साधारण 42 टक्के, भाताच्या कोंड्यात 12. हव्या असलेल्या 28 मधून कोंड्याचे 12 वजा केले की 16 उरतात, तेवढे भाग ढेप. ढेपेच्या 42 मधून 28 गेले की 14, तेवढे भाग कोंडा. बहिणींनी हे माझ्याआधी पाठ केले. नुसत्या शेंगदाण्यावर मात्र भागत नाही, म्हणून ढेपेतला थोडा वाटा काढून सुकटीची भुकटी घालतो. शंभर किलोमागे एक-दोन किलो खनिज-जीवनसत्त्वांचे मिश्रण विकतच आणावे लागते. सोयाबीन वापरायचे असेल तर भाजून. कच्चे माशाला पचत नाही.

हे सारे दळून, मक्याच्या पिठाच्या शिजवलेल्या खळीत मळतो आणि शेवयांच्या यंत्रातून काढतो. सावलीत वाळवून तुकडे करतो. या गोळ्या विकतच्यासारख्या तरंगत नाहीत, बुडतात. म्हणून पिंजऱ्यात मच्छरदाणीच्या कापडाचे ताट दोरीने सोडतो. अर्ध्या तासाने वर ओढतो. उरले असेल तर दुसऱ्या वेळी कमी. शंभर ग्रॅमचे हजार मासे म्हणजे शंभर किलो वजन. त्याच्या तीन टक्के, रोज तीन किलो, दोन-तीन वेळा वाटून. लहान बोटुकलीला अजून विकतचेच खाद्य देतो, तिला प्रथिने जास्त लागतात.

आता मासे तळहाताएवढे झाले आहेत. उधारी अर्धी फिटली आहे, अर्धी विक्रीवर अवलंबून आहे.

भीती आहे ती ओलीची. दमट ढेपेवर बुरशी धरते आणि तिचे विष शिजवूनही जात नाही. अशी दोन पोती आम्ही पुरली. बहिणींचे डोळे भरून आले होते. पावसाळ्याआधी पत्र्याची एक झाकणबंद कोठी हवी आहे. तिच्यासाठी, आणि विक्रीला चांगला भाव मिळावा म्हणून, आपण प्रार्थनेत आठवण ठेवावी.